अलायनर लावून पोहणं : ट्रे तोंडात ठेवायचे की काढायचे?

निळीटोपी

मुलगी पंधरा वर्षांची, ठाण्यात स्क्वॉडमध्ये पोहते. सोमवार ते शनिवार पहाटे साडेपाच ते सात आणि शनिवारी संध्याकाळी आणखी दीड तास. पारदर्शक अलायनर, म्हणजे दात सरळ करणारे काढता-घालता येणारे प्लॅस्टिकचे ट्रे, नुकतेच सुरू झालेत. दर दहा दिवसांनी नवा ट्रे, रोज २२ तास घालायचा. सुळ्यांवर आणि दाढांवर अटॅचमेंट (दाताला चिकटवलेले बारीक उंचवटे) आहेत, दोन्ही बाजूंना हुकांत अडकवायची रबरंही आहेत.

ऑर्थो (दात सरळ करणारे डॉक्टर) म्हणतात, पोहताना राहू द्या, काही होत नाही. सर म्हणतात, काढूनच पाण्यात उतरायचं, निसटून घशात गेला तर कोण निस्तरणार. दोघंही आपापल्या जागी जाणकार, त्यामुळे मी मधल्या मध्ये अडकले आहे.

नेमकं विचारायचं ते असं :
१. ट्रे ठेवायचा की काढायचा? काढला तर रोजचे तास कसे भरून काढायचे?
२. क्लोरीनने ट्रे पिवळा पडतो, दात झिजतात असं ऐकलं. कितपत खरं?
३. डिसेंबरात मालवणला चिवला बीचच्या सागरी स्पर्धेत तिला उतरायचं आहे. समुद्रात वेगळं काही बघावं लागतं का?

दातखिळी

ताई, आधी तासांचा हिशेब मांडा, म्हणजे निम्मा वाद तिथेच मिटेल.

२२ तास घालायचा म्हणजे बाहेर राहायला दिवसाला दोनच तास. तीन जेवणं प्रत्येकी पंचवीस मिनिटं, प्रत्येक जेवणानंतर ब्रशची पाच, मधलं खाणं वीस मिनिटं. झाले एक तास पन्नास मिनिटं. आता सरावाला ट्रे काढायचा तर दीड तास पाण्यातले आणि दोन्ही बाजूंचं कपडे बदलणं, शॉवर, डबी शोधणं धरून दोन तास सहज जातात. तुमची आठवड्याची सात सत्रं आहेत, म्हणजे उरलेली रोजची दहा मिनिटं वजा केली तरी आठवड्याला जवळपास तेरा तासांची तूट. दहा दिवसांचा ट्रे एवढ्या तुटीत पुरेसं काम करत नाही आणि पुढचा ट्रे नीट बसत नाही. कडेला, दाताच्या टोकाशी हवेची पोकळी दिसायला लागते. ती एक मिलिमीटरच्या वर दिसली आणि दोन-तीन दिवसांत भरली नाही तर दात ट्रेच्या मागे पडलेत असं समजायचं.

म्हणून रोजच्या सरावाला ट्रे ठेवा. ऑर्थोंचं बरोबर आहे.

सरांची भीती अगदीच निराधार नाही, पण तिची जागा चुकली आहे. अख्खा ट्रे हा दातांच्या पूर्ण कमानीच्या आकाराचा असतो, तो घशातून सहजासहजी उतरत नाही. तुटलेला तुकडा मात्र जाऊ शकतो. त्यामुळे ट्रेला तडा दिसला, विशेषतः शेवटच्या दाढेपाशी किंवा दोन दातांच्या मधल्या खाचेत, तर तो घालून पाण्यात उतरायचं नाही. तडा पडतो तो बहुतेक वेळा काढण्याच्या पद्धतीमुळे. पुढून किंवा एकाच बाजूने ओढला की दुसरी बाजू पिळवटते. आतल्या बाजूने, म्हणजे जिभेकडून, एका दाढेवर नखाने सैल करायचा, मग दुसऱ्या दाढेवर, आणि शेवटी पुढचा भाग. हात ओले आणि थंड असतील तर आधी टॉवेलला पुसायचे, नाहीतर नख घसरतं आणि मुलं वैतागून हिसडा देतात.

ट्रे काढायचाच असे प्रसंग :

– बोर्डवरून उड्या, डायव्हिंगचा सराव. डोकं पाण्यावर आपटताना तोंड किंचित उघडं असलं तर पाणी जोराने आत घुसतं आणि वरचा ट्रे उचलला जातो.
– वॉटर पोलो. तिथे माउथगार्ड लागतो. बाजारात मिळणारा, उकळत्या पाण्यात मऊ करून चावायचा गार्ड अलायनरवर चावू नये. गरम माल ट्रेला वाकवतो, ट्रे काढून चावला तर अटॅचमेंटभोवती घट्ट बसतो, आणि दात सरकत असल्यामुळे महिन्याभरात तो मापाचा राहत नाही. दात सरकत असताना वापरायचे वेगळे सैलसर गार्ड मिळतात, ऑर्थोंकडून घ्या.
– उलटी होण्याची शक्यता असेल तेव्हा. समुद्राबद्दल कुणीतरी लिहीलच.

रबरं प्रत्येक वेळी काढायची, सराव कितीही हलका असो. तोंड उघडताना ती हुकवरून सुटतात आणि गिळली जातात. गिळलेलं रबर बहुधा काही करत नाही, पण श्वास घेता घेता ठसका लागला तर पाण्यात तो महागात पडतो. तसंही रबराचा ताण काही तासांत उतरतो, त्यामुळे सराव झाल्यावर नवी जोडी लावायची.

ट्रे कोणत्या दिवशी बदलायचा यालाही महत्त्व आहे. नवा ट्रे रात्री झोपताना लावावा, पहाटे सरावाच्या आधी नाही. पहिला दुखरा काळ झोपेत जातो आणि सकाळपर्यंत तो बसलेला असतो. निसटण्याचा धोका नव्या ट्रेला कमी, जुन्याला जास्त. नववा-दहावा दिवस आला की ट्रे सैल झालेला असतो, जिभेने वरखाली करायची सवय असेल तर अजूनच. टम्बल टर्न (भिंतीपाशी कोलांटी घेऊन वळणं) मारताना जीभ ट्रेला टेकवायची नाही, एवढं तिला सांगून ठेवा.

क्लोरीनवाला

प्रश्न दोनला उत्तर, तलावाच्या बाजूने.

नीट चालवलेल्या टाकीत मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असतं, पीएच (आम्लतेचं माप, सातच्या खाली आम्ल) ७.२ ते ७.८. घरातलं ब्लीच चार-पाच टक्क्यांचं, म्हणजे चाळीस-पन्नास हजार पीपीएम. दोन्हींना ‘क्लोरीन’ म्हणतात म्हणून गोंधळ होतो. दीड तास तलावाच्या पाण्यात राहून ट्रेच्या प्लॅस्टिकला काही होत नाही. दहा दिवसांनी तो फेकायचाच आहे. पिवळा पडतो तो हळदीने. सरावानंतर गेटवर वडापाव खाल्ला आणि चूळ न भरता ट्रे चढवला की संध्याकाळपर्यंत रंग दिसतो.

दात झिजण्याचं काम क्लोरीन करत नाही, आम्ल करतं. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं इनॅमल विरघळायला लागतं. नीट पाण्यात ही वेळ येत नाही. येते ती रसायन घालणाऱ्याने दुर्लक्ष केलं की. क्लोरीन गॅस पाण्यात जाताना हायड्रोक्लोरिक आम्लही तयार करतो, त्याला सोडा अॅश घालून आवरावं लागतं. टीसीसीएच्या, म्हणजे घन क्लोरीनच्या, गोळ्याही पीएच खाली ओढतात. पाणी गढूळलं म्हणून वरून तुरटी ओतली की आणखी खाली. हायपो म्हणजे द्रव सोडियम हायपोक्लोराइट मात्र उलट पीएच वर नेतो. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलच्या एका क्लबमध्ये गॅसवर चालणाऱ्या तलावाचा पीएच २.७ भरला होता. तिथल्या स्पर्धक पोहणाऱ्यांच्या दातांच्या झिजेवरचा अभ्यास १९८६ साली छापून आला, तेव्हापासून हा विषय दंतवैद्यांच्या तोंडी आहे. २.७ म्हणजे जवळजवळ लिंबाचा रस.

अलायनर असताना याचा त्रास थोडा वाढतो, कारण ट्रेखाली शिरलेलं पाणी तिथेच बसून राहतं. लाळ एरवी आम्ल धुऊन काढते, ट्रेखाली ती पोहोचत नाही.

पालकाने काय बघायचं? तलावावर टेस्ट किट असतं, दोन नळ्यांचं. एका नळीत ओटीओ नावाच्या रसायनाचे थेंब टाकतात, ती पिवळी होते आणि क्लोरीन दाखवते. दुसरीत फिनॉल रेड टाकतात, ती पीएच दाखवते. ही दुसरी नळी बघायला मागा. नारिंगी-लाल असेल तर ठीक, पिवळी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरवू नका, ट्रे असो वा नसो. बहुतेक ठिकाणी फळ्यावर फक्त क्लोरीनचा आकडा लिहितात आणि पीएचचा रकाना रिकामा असतो, त्या रिकाम्या रकान्याबद्दल जरूर विचारा. शिवाय दात स्वतः सांगतात. चिंच चघळल्यासारखे आंबले, जीभ फिरवली की खरखरीत लागले, आणि बॅचमधल्या दोन-चार मुलांची हीच तक्रार असली, तर पाणी आम्लधर्मी झालंय.

डोळे चुरचुरणं आणि तो उग्र वास ही वेगळी भानगड. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, वास त्यांचा. उतरण्याआधी शॉवर घ्या म्हणून आम्ही ओरडत असतो ते यासाठी.

बटरफ्लाय_५०

दातखिळींच्या हिशेबाशी सहमत, पण स्पर्धेच्या दिवशी माझं मत सरांच्या बाजूने. कारण घशात जाण्याचं नाही, श्वासाचं आहे. पहिल्या काही आठवड्यांत ट्रेमुळे तोंडात लाळ जास्त सुटते, ओठ पूर्ण मिटत नाहीत, आणि अटॅचमेंट असतील तर वरचा ओठ अडतो. सरावात मूल एखादा श्वास चुकवून पुढे जातं, ५० मीटरच्या शर्यतीत तेवढी मोकळीक नसते. ब्लॉकवरून स्टार्ट घेताना पाण्याचा मारा थेट तोंडावर असतो ते वेगळंच.

त्यामुळे : वॉर्मअपला ट्रे ठेवा, कॉल रूमला (शर्यतीआधी स्पर्धकांना बोलावतात ती खोली) जाण्याआधी काढून डबीत, शर्यत आणि स्विम डाउन (नंतरचं संथ पोहणं) झालं की परत. दोन शर्यतींमध्ये तासभर असेल तर मध्ये घाला. दिवसभराच्या स्पर्धेत तीन-चार तास जास्त गेले तरी महिन्यातून एखाद्या वेळी चालून जातं, त्या ट्रेला एक दिवस वाढवून द्यायचा. दर आठवड्याला स्पर्धा असतील तर ऑर्थोंना सांगून दहाऐवजी चौदा दिवसांचं वेळापत्रक मागून घ्या.

डबीबद्दल : पारदर्शक किंवा पांढरी नको. भडक रंगाची, कडक, भोकं असलेली घ्या. वर नाव आणि घरचा फोन. टिश्यूत गुंडाळून बाकावर ठेवलेला ट्रे सफाईवाल्या मावशी कचरा समजून टाकणार, त्यात त्यांची काय चूक!

निळीटोपी

खूप उपयोगी माहिती, धन्यवाद. वॉर्मअपपर्यंत ठेवून मग काढायचा हे सरांनाही पटेल असं वाटतं.

अजून दोन गोष्टी. सराव झाल्यावर ती लगेच एनर्जी ड्रिंक किंवा लिंबू सरबत पिते, तेव्हा ट्रे तोंडातच असतो. आणि ट्रेवर आतून पांढुरका थर येतो, टूथपेस्टने घासूनही जात नाही, उलट ट्रे धुरकट दिसायला लागलाय. आमच्याकडे टँकरचं पाणी असतं.

दातखिळी

सरबताची सवय आधी मोडा. क्लोरीनपेक्षा दातांचं नुकसान याने कितीतरी जास्त होतं. एनर्जी किंवा स्पोर्ट्स ड्रिंकचा पीएच तीनच्या आसपास असतो आणि स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये लिटरमागे साठेक ग्रॅम साखर, एनर्जी ड्रिंकमध्ये त्याहून जास्त. घोट घेतला की ते ट्रेच्या कडेने आत शिरतं आणि दाताला चिकटून राहतं. त्यात पोहून आलेल्या मुलांचं तोंड कोरडं, कारण दीड तास तोंडाने श्वास घेतलेला असतो. लाळ कमी, साखर आणि आम्ल कोंडलेलं. हिरडीलगत आणि अटॅचमेंटच्या कडेला खडूसारखे पांढरे डाग पडतात ते असेच, आणि ते ट्रीटमेंट संपल्यावर दिसतात. लिंबू, कोकम, ओआरएस, चहा, सगळ्यांना एकच नियम : ट्रे काढा, प्या, साध्या पाण्याने चूळ भरा, घाला. ट्रे घालून फक्त साधं पाणी प्यायचं, गारही चालेल.

सकाळचा क्रम असा लावा. पावणेपाचला केळं, मग ब्रश, मग ट्रे. पाच मिनिटं च्युई (ट्रे बसवायची मऊ रबरी गुंडाळी) चावायची, म्हणजे ट्रे वर कडेपर्यंत बसतो. रबरं न लावता तलावावर. सात वाजता बाहेर आल्यावर ट्रे तोंडात असतानाच पिण्याच्या पाण्याने दोन-तीन चुळा. मग हात धुऊन ट्रे काढायचा, तोही पिण्याच्या पाण्याखाली धरायचा, पुन्हा एक चूळ, ट्रे परत, रबरांची नवी जोडी. सगळं मिळून तीन मिनिटांचं काम. चूळ भरली की दाताला ब्रश लगेच लावायची गरज नाही. दात आंबल्यासारखे वाटत असतील तर अर्धा तास लावूच नका, मऊ पडलेलं इनॅमल घासलं जातं. घरी नाश्ता झाला की ब्रश.

आठवड्याला साडेदहा तास पोहणं होतंय, तेव्हा आणखी एक गोष्ट. आठवड्याला सहा तासांच्या वर पाण्यात असणाऱ्यांच्या पुढच्या दातांवर पिवळट-तपकिरी कीट धरतं. तलावाच्या पाण्यामुळे लाळेतली प्रथिनं विघटित होऊन दातांवर बसतात. हे घरी ब्रशने निघत नाही. अटॅचमेंटच्या कडा त्याला धरून ठेवतात. सहा महिन्यांनी एकदा क्लिनिंग करून घ्या, आणि करणाऱ्याला अटॅचमेंट आहेत हे आधी सांगा, नाहीतर स्केलरने (दात खरवडायच्या हत्याराने) त्या उडतात.

खळखळ

पांढऱ्या थराचं उत्तर टँकरच्या पाण्यातच आहे. जड पाण्यातला आणि लाळेतला चुना मिळून तो थर होतो. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, तिने चुना जात नाही, ट्रेवर बारीक ओरखडे मात्र पडतात. धुरकटपणा त्याचा. ओरखड्यांत घाण आणखी बसते.

रोज : गार किंवा कोमट पाणी, मऊ ब्रश (ट्रेचा वेगळा ठेवा), बिनरंगी-बिनवासाचा सौम्य साबण एक थेंब. आतल्या बाजूला दाढांचे खळगे आणि अटॅचमेंटचे खड्डे यांत ब्रशचं टोक फिरवायचं, वास तिथूनच येतो. शेवटचं खळखळणं फिल्टरच्या पाण्याने.

आठवड्यातून दोनदा : पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी तीन भाग, पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचं. जेवणाची वेळ यासाठी बरी, तास वाया जात नाहीत. मग घासून, वास जाईपर्यंत धुवायचं. व्हिनेगर नको असेल तर कवळीच्या गोळ्या, क्लिनसोडेंट किंवा फिटीडेंट, औषधांच्या दुकानात मिळतात. पाणी कोमट, पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त नाही. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये, विषारी वायू सुटतो. ट्रेला ब्लीच एकटंही नको. रंगीत माउथवॉश आणि डेटॉलही नाही. क्लोरहेक्सिडिनने तर तपकिरी डाग पडतात.

उकळतं पाणी म्हणजे ट्रेचा शेवट. तो उष्णतेनेच साच्यावर ओढून बनवलेला असतो, गरम झाला की आकार सोडतो. आणि इथे सगळे फसतात ते गीझरच्या नळाने नव्हे, स्कूटरच्या डिकीने. मे महिन्यात सराव संपल्यावर किट डिकीत टाकलं, स्कूटर उन्हात उभी, खाली इंजिनाची धग. ट्रे बाहेर काढल्यावर दिसायला ठीकठाक दिसतो, पण एका बाजूची दाढ बसते आणि दुसरी वर राहते. दाबून बसवू नका, वाकलेला ट्रे दात भलतीकडे ढकलतो. गाडीचा डॅशबोर्डही तसाच. डबी सोबतच्या पिशवीत, सावलीत. आणि ओल्या कॉश्च्यूमच्या पिशवीत ती कोंबायची नाही, दोन दिवसांत कुबट वास धरते. डबीसुद्धा साबणाने धुवायची असते हे बहुतेकांच्या गावी नसतं.

खारंपाणी

चिवलाबद्दल. समुद्राचं पाणी पीएचने ८.१ च्या आसपास, दातांना त्याचा धोका नाही. प्लॅस्टिकलाही नाही. प्रश्न लाट, वाळू आणि मळमळ यांचा.

सागरी स्पर्धेत पहिले आणि शेवटचे शंभर मीटर घोळक्याचे असतात, कोपर तोंडावर बसू शकतं. फेसाळ लाटेत तोंड उघडून श्वास घ्यावा लागतो. ट्रे पडला तर समुद्रात तो शोधायचा नसतो, विषय संपला. त्यामुळे स्पर्धेला काढूनच. किनाऱ्यावर डबी पालकांच्या हातात, वाळूवर नाही. वाळूचा कण ट्रे आणि हिरडीच्या मध्ये गेला की छाला पडतो आणि ट्रेवर ओरखडे येतात. बाहेर आल्यावर आधी गोड्या पाण्याने भरपूर चुळा, मग ट्रे.

अंतर वाढेल तसं हे अधिकच. मुंबईच्या समुद्रात संक रॉक ते गेटवे ऑफ इंडिया पाच किलोमीटर, धरमतर ते गेटवे छत्तीस. इतक्या लांब पल्ल्यात बोटीवरून ठरावीक वेळाने ग्लुकोज किंवा गोड पेय देतात, ट्रे काढून-घालून ते पिणं शक्य नसतं. खारट पाण्याने जीभ आणि ओठ सुजतात, ट्रेची कड जिभेला कापायला लागते, आणि लाटांवर उलटी होणं तर नेहमीचंच. मुलगी पुढे त्या वाटेला गेली तर लांब सरावाचे दिवस आधीच ऑर्थोंना कळवा.

तारकर्लीला स्नॉर्केलिंग करायचा मोह होईलच. माउथपीस दातांत धरायचा असतो, ट्रेवरून तो घसरतो आणि मग मुलं जबडा आवळून धरतात. वीस-पंचवीस मिनिटांचा प्रकार आहे, काढून करा. नळी ज्या संस्थेची असेल ती आधी स्वच्छ धुऊन घ्या.

क्लोरीनवाला

तलावात ट्रे हरवलाच तर, कारण हे प्रकरण आमच्याकडे येतंच :

अलायनरचं प्लॅस्टिक पाण्यापेक्षा जड, तो तळाला जातो. कडेच्या ओव्हरफ्लोच्या चरात शोधण्यात वेळ घालवू नका, तिथे वर तरंगणारा कचरा येतो. वळण घेतात त्या भिंतीपासून आणि स्टार्टिंग ब्लॉकपासून दोन-तीन मीटरच्या टप्प्यात बघा. निळ्या-पांढऱ्या टाइलवर तो दिसत नाही, लेनच्या काळ्या पट्ट्यावर दिसतो. बॅच बाहेर आल्यावर पाणी शांत होऊ द्या, मग गॉगल लावून एकाने तिरकस उजेडात पाहायचं. आणि ऑपरेटरला लगेच सांगा, व्हॅक्यूम मारण्याच्या आधी. व्हॅक्यूममध्ये गेला तर पंपाच्या आधीच्या स्ट्रेनरच्या जाळीत अडकतो, केसांच्या गुंत्यात. तिथून निघालेला ट्रे बहुधा चेपलेला असतो. तळावर सापडलेला असेल तर साबणाने धुऊन, गोळीच्या पाण्यात बुडवून, तडा नाही हे बघून वापरता येतो.

दातखिळी

आणि सापडला नाही तर : ट्रेचे सात-आठ दिवस झाले असतील तर ऑर्थोंना फोन करून पुढचा लावता येतो का विचारा, बहुतेकदा हो म्हणतात. नुकताच बदलला असेल तर मागचा ट्रे घाला आणि तेवढ्यात नव्याची मागणी नोंदवा. यासाठी मागचे दोन ट्रे कधीच फेकायचे नसतात. धुऊन, कोरडे करून, नंबर लिहून ठेवा. त्यातला लगेच मागचा सरावाच्या किटमध्ये, दुसऱ्या रंगाच्या डबीत. रिकाम्या तोंडाने दोन-तीन दिवस काढू नका, दात तेवढ्यात मागे येतात आणि मग मागचा ट्रेही चढत नाही.